संविधानाखालचा दाखला

जानेवारी 2023. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात सभापती निवडायलाच पंधरा फेऱ्या लागल्या आणि नवे खासदार शपथेविना ताटकळत बसले. त्याच दिवसांत कॅलिफोर्नियाचा नवा खासदार रॉबर्ट गार्सिया याचा एक फोटो फिरत होता. शपथ घेताना संविधानाच्या प्रतीखाली ठेवायच्या तीन वस्तू: लायब्ररी ऑफ काँग्रेसकडून मागून आणलेला सुपरमॅनचा पहिला अंक, आईवडिलांचा फोटो आणि स्वतःचा नागरिकत्वाचा दाखला.

सगळ्यांनी सुपरमॅनच उचलला. मी बघत बसलो तो दाखला.

गार्सिया मूळचा पेरूतल्या लिमाचा. पाचव्या वर्षी अमेरिकेत आला, कॉमिक्स वाचत इंग्रजी शिकला. 2009 मध्ये नगरसेवक, 2014 मध्ये लाँग बीचचा महापौर, वय 36. साडेचार लाख वस्तीचं बंदराचं शहर आहे ते. रोजचा कारभार तिथेही सिटी मॅनेजर बघतो, म्हणजे आपला आयुक्तच म्हणा. पण महापौर थेट मतांनी निवडला जातो आणि त्याला नकाराधिकार असतो. आपल्याकडच्या अडीच वर्षांच्या पाळीपाळीच्या महापौरपदाशी तुलना करूच नका.

2020 मध्ये कोविडने आधी आई गेली, काही दिवसांतच सावत्र वडील. आई स्वतः आरोग्यसेवेत काम करणारी. शहराचं स्वतःचं आरोग्य खातं असल्याने पुढे लसीकरणही शहरानेच चालवलं, आणि महापौर हाच.

"बघा, कष्टाचं चीज झालं," असं लोक लिहितात. कष्ट होतेच हो. पण कागदपत्रं नसलेल्या घरातल्या पोराचे कष्ट कुठे जाऊन पोचतात? 1986 मध्ये रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगननी सही केलेल्या कायद्याने अशा लाखो लोकांना कायदेशीर राहता आलं, गार्सियाच्या घरालाही. त्याच कृतज्ञतेपोटी गार्सिया तरुणपणी चक्क रिपब्लिकन होता! विशीत नागरिक झाला, मग डेमोक्रॅट. 2025 मध्ये तर, खासदारकीच्या दुसऱ्याच खेपेला, सरकारी कारभारावर नजर ठेवणाऱ्या प्रतिनिधीगृहाच्या देखरेख समितीत तो डेमोक्रॅटिक पक्षाचा प्रमुख झाला. रेगनचा पक्ष आज तसा कायदा करेल? मला नाही वाटत.

(आपले बेळगावचे श्री ठाणेदारही त्याच वेळी डेट्रॉइटमधून निवडून आले. पण त्यांची वाट शिक्षणाची आणि धंद्याची, ही वेगळी.)

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत बारा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत आहे. पदव्या दोन, पगार उत्तम, कर वेळेवर. त्याला हा फोटो पाठवला. सुपरमॅनबद्दल अवाक्षर नाही. एवढंच आलं, "दाखल्यावर तारीख कुठली आहे रे?"