सत्तर मिनिटं आणि अप्पांची चुन्याची डबी

वेळापत्रकाचा विषय काढायचाच नाही, असं ठरवून काल कट्ट्यावर गेलो. पण वड्याचा पहिला घास घेतानाच सुज्यानं विचारलं, "काय मास्तर, पोरांना सत्तर सत्तर मिनिटं कोंडून ठेवता म्हणे? पोरगी सांगत होती." बोलता बोलता वड्यातली पिवळीधमक भाजी त्याच्या पांढऱ्या शर्टावर पडली.

प्रकार एवढाच, की आठवीच्या विज्ञानाच्या ३५ मिनिटांच्या दोन तासिका जोडून आठवड्यातून दोनदा जोडतास घ्यायचा, असं शाळेनं ठरवलंय. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही (२०२३) जोडतासिका सुचवल्यात.

दिप्याचा क्लास आहे. तो म्हणाला, "त्यात काय नवल! माझ्याकडं दोन दोन तास बसतात पोरं."

"तुझ्याकडं फी भरून बसतात. आणि तुझी वीस, माझी पंचावन्न," मी म्हटलं.

अप्पा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेत. तंबाखू मळत म्हणाले, "सहावी ते आठवीला कायद्यानं वर्षाला २२० दिवस, १००० तास. भाकरी तेवढीच, तू तुकडे मोठे केलेस. त्यानं पोट कसं भरणार? आणि एक मास्तर रजेवर गेला की सत्तर मिनिटं ऑफ तास. वर्ग सांभाळायचा कुणी?"

हे खरंय. शिवाय जोडतासाच्या दिवशी पोरगं गैरहजर राहिलं, तर एकदम दोन तासांचं बुडतं.

माझा पहिला जोडतास तर पारच फसला होता. पस्तीस मिनिटांत धडा संपला म्हणून मी पुढचा सुरू केला. पंचेचाळीसाव्या मिनिटाला एकानं पाणी प्यायला जाऊ का विचारलं, त्याच्यामागं नऊ जणांना तहान लागली. चूक माझीच. तास लांबला म्हणून मी भाषण लांबवलं.

"मग आता काय करतोस?" दिप्यानं विचारलं.

"हळदीचे कागद."

आपण सांगलीकर, हळदीला तोटा नाही. हळद पाण्यात कालवून कागदाला फासायची, वाळवायची, पट्ट्या कापायच्या आणि त्यांवर लिंबू, साबणाचं पाणी, चुन्याची निवळी टाकून बघायची. साध्या तासाला हजेरी आणि फळा पुसण्यातच पाच-सात मिनिटं जातात. कागद वाळायच्या आत घंटा होते. मग आम्ही काय करायचो? 'साबणाच्या पाण्यानं पट्टी लाल झाली' असं फळ्यावर लिहायचो, पोरं उतरवून घ्यायची. न बघितलेलं निरीक्षण! वर्षानुवर्षं हेच केलंय मी.

जोडतासाला कागद खिडकीत वाळत ठेवले. तोवर प्रत्येकानं वहीत अंदाज लिहायचा, कशानं काय रंग येईल आणि का. शेजाऱ्याशी वही बदलून वाद घालायचा. तासातली सगळ्यात कामाची दहा मिनिटं हीच. अंदाज चुकलेलं पोरगं पट्टीकडं डोळे फाडून बघतं. मी बोललो असेन पंधरा मिनिटं, तेही शेवटी. चुन्यानं पट्टी लालभडक झाल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, आजी सांगते, कुंकू पूर्वी हळद आणि चुन्याचंच करायचे." हे माझ्या टिपणात नव्हतं. पस्तीस मिनिटांच्या तासात तिला मी खाली बसवलं असतं.

"आणि गणित?" अप्पांनी नेमकं धरलं. "गणिताला रोज हात पाहिजे. आज दोन तास आणि मग दोन दिवस खाडा, म्हणजे पाढे गेले वाऱ्यावर."

"गणित रोजच ठेवा. विज्ञान, चित्रकला, कार्यानुभव यांनाच जोडा. आणि तो जोडतास जेवणाच्या सुट्टीनंतर नको. तेव्हा मलाच झोप येते."

सुज्या इतका वेळ गप्प होता. म्हणाला, "म्हणजे आमटीचा डाग साबणानं लाल होतो, ते हेच का?"

"हेच."

अप्पांनी चुन्याची डबी पुन्हा उघडली. बोटावर थोडा चुना घेतला आणि कुणाला कळायच्या आत सुज्याच्या शर्टावरच्या पिवळ्या डागावर फिरवला. डाग बघता बघता तांबडा झाला. सगळे वाकून बघायला लागले, टपरीवाला पोरगाही.

"अहो अप्पा," सुज्या ओरडला, "हा शर्ट संध्याकाळच्या साखरपुड्याला घालायचा होता!"