भोंग्याचं तोंड केवढं?

गणपती जवळ आले की आमच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो. सार असं: मंडपवाल्याचा किंवा बंद पडलेल्या टॉकीजचा जुना भोंगा भंगारातून उचला, सागवानी खोक्यात बसवा, पाच वॅटचा ॲम्प जोडा, लाखाचे स्पीकर लाजतील. चुंबक मात्र अल्निकोचाच (ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्टच्या मिश्रधातूचा) हवा, "तो आवाज आता बनत नाही". सिडकोतल्या माझ्या गच्चीवरच्या खोलीत असले भोंगे पडलेले असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून या वेळी तो मला चौघांनी पाठवला. उत्तर एकदाच लिहून टाकतो.

पाच वॅटचं आधी, कारण ते बरंचसं खरं आहे. घरातला साधा स्पीकर मिळालेल्या विजेतली जेमतेम एक टक्का आवाजात बदलतो, बाकीची उष्णता होते. स्पीकरचा कोन, म्हणजे हलणारा कागदी शंकू, हवा ढकलतो खरा, पण ती कडेकडेने निसटते. भोंगा तिला निसटू देत नाही, सावकाश रुंदावत बाहेर आणतो. वेगळी ताकद तो कुठून आणत नाही, वाया जाणारी वाचवतो. एका वॅटला एक मीटरवर ८७ डेसिबल देणारा स्पीकर आणि १०४ देणारा भोंगा यांत फरक १७ डेसिबलचा, म्हणजे विजेत ५० पट. शंभर वॅटचं काम दोनमध्ये. पण यातला काही हिस्सा आजूबाजूचा आवाज समोर गोळा केल्याचा असतो, ते फॉरवर्ड सांगत नाही. सोफ्याच्या मधोमध बसणारा खूश, कडेच्या खुर्चीतल्या सासूबाई म्हणणार, "शब्दच कळत नाहीत बाई."

"कुठलाही भोंगा चालतो" हे मात्र साफ खोटं. तोंडाचा परीघ ज्या ध्वनिलहरीच्या लांबीएवढा, साधारण तिथपर्यंतच भोंगा खाली उतरतो. मंडपवाल्याच्या २० इंची भोंग्याचा परीघ १.६ मीटर, २२० हर्ट्झच्या आसपास त्याचा खेळ संपतो. डग्ग्याचा घुमारा गेला, नाशिक ढोलाचा टोला तर गेलाच. ४० हर्ट्झपर्यंत जायचं तर मोकळ्यावर पावणेतीन मीटर व्यासाचं तोंड हवं. अमेरिकन स्पीकर-संशोधक पॉल क्लिप्शने १९४० च्या दशकात यावर तोड काढली: भोंग्याला घड्या घालून तो खोलीच्या कोपऱ्यात उभा केला आणि भिंती-जमिनीलाच त्याचा शेवटचा भाग केलं. तोंडाचं क्षेत्रफळ आठव्या हिश्श्यावर आलं. आता आपल्या फ्लॅटचा हॉल डोळ्यांपुढे आणा. एका कोपऱ्यात बाल्कनीचं सरकतं दार, दुसऱ्यात पॅसेज. कोपरा आहेच कुठे?

आणि टॉकीजचे स्पीकर म्हणाल, तर अल्टेकच्या प्रसिद्ध ए-७ मध्येही अगदी खालचे सूर भोंग्यातून येत नाहीत. १५ इंची वूफरपुढे (खालच्या सुरांच्या स्पीकरपुढे) आखूड भोंगा आहे, पण तळाचा बेस खोक्याच्या पोर्टमधून, म्हणजे हवेसाठी ठेवलेल्या भोकातून निघतो. वरच्या सुरांचा भोंगा मॉडेलप्रमाणे ५०० किंवा ८०० हर्ट्झपासून सुरू.

हे माहीत असूनही मी एक युनिट (भोंग्याच्या मागे बसणारा, आवाज काढणारा भाग) घालवलंय. हद्दीच्या खाली भोंग्यातली हवा डायफ्रामच्या, म्हणजे युनिटमधल्या हलणाऱ्या पातळ पडद्याच्या, पाठीशी राहत नाही, तो मोकाट हलतो, आणि त्याला जागा मिलिमीटरभरही नसते. कपॅसिटर नंतर लावू म्हणत मी थेट पखवाज लावला. तिसऱ्या परणीला डायफ्राम तडकला. ८ ओमचं युनिट ५०० हर्ट्झच्या खालच्या सुरांपासून वाचवायला ४० मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर लागतो. त्याची किंमत डायफ्रामपुढे काहीच नाही. खालच्या सुरांना वेगळा वूफर द्यायचाच.

अल्निकोबद्दल. डायफ्राम हलवणाऱ्या कॉइलला चुंबकाच्या गॅपमध्ये (फटीत) किती चुंबकत्व मिळतं एवढंच कळतं, ते कोणत्या धातूचं हे नाही. १९७० च्या दशकाच्या शेवटी झाईरमधल्या (आजच्या काँगोतल्या) अशांततेने कोबाल्टचा भाव भडकला आणि कंपन्या कोबाल्ट न लागणाऱ्या फेराइट चुंबकांकडे वळल्या. त्यात कानांचा कौल कुणी घेतला नव्हता. उलट अल्निको लवकर कमजोर पडतो, म्हणून जुनं युनिट नव्यापेक्षा हळू वाजू शकतं. कृपा करून "साफसफाई" म्हणून चुंबक सुटा करू नका. सुटा केला की त्याची ताकद उतरते, पुन्हा जोडून परत येत नाही. नव्याने चुंबकित करून घ्यावा लागतो.

सागवान दिवाणखान्यासाठी ठीक. १८ मिलिमीटरचा चांगला प्लाय आणि आतून आडव्या पट्ट्या पुरतात. पत्र्याचा भोंगा टिचकीला घंटेसारखा वाजत असेल तर बाहेरून गाडीत लावतात ती डांबरी शीट चिकटवा. माझ्या जोडीत सगळ्यात जास्त फरक त्या शीटनेच पडला.

भंगारात जाताना खिशात मल्टिमीटर असू द्या. ८ ओमचं युनिट पाच-सहा ओम दाखवतं; काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटलीय. मग दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. स्वच्छ टक् आला तर भाव करा, खरखर आली तर कॉइल घासतेय.