उपाशी म्हणजे नेमकं काय?

ह्यूस्टनमध्ये मी एंडोस्कोपी विभागात नर्स आहे. मध्यंतरी एक स्पॅनिश बोलणारे आजोबा कोलोनोस्कोपीला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीला, आले ते आदल्या दिवशी दिवसभर ओर्चाता पिऊन. ओर्चाता म्हणजे तांदूळ-दालचिनीचं, दुधासारखं पांढरं सरबत. आतडं साफ झालेलं नव्हतं, तपासणी रद्द. कागदावर 'लिकिदोस क्लारोस' छापलं होतं, इंग्रजी 'क्लिअर'चं, म्हणजे आरपार दिसणाऱ्या पेयांचं, शब्दशः भाषांतर. पण स्पॅनिशमध्ये 'क्लारो' म्हणजे फिकट रंगाचंही. आजोबांनी बरोब्बर फिकट रंगाचं प्यायलं!

आता आम्ही चार मिनिटांचा व्हिडिओ दाखवतो. त्यात एक मेक्सिकन बाई तिच्या स्वयंपाकघरात उभी आहे. काचेच्या ग्लासामागे वर्तमानपत्र धरून ती म्हणते, अक्षरं वाचता आली तर प्या, नाहीतर नको. लाल-जांभळी जेली खायची नाही, कारण ती आत रक्तासारखी दिसते. पोट साफ करायचं औषध अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं पहाटे. घरी न्यायला माणूस हवाच.

हे घरच्या ग्रुपवर सांगितलं तर दादा म्हणाला, "अमेरिकेत राहतात ना? मग इंग्रजी शिकायला काय झालं?" हाच दादा 2025 मध्ये पहिलीपासूनच्या हिंदीविरुद्ध रोज दहा फॉरवर्ड टाकायचा. त्या विरोधात मीही होते, सरकारने जीआर मागे घेतला तेव्हा पेढे वाटायचे बाकी होते. 'महाराष्ट्रात राहायचं तर मराठी हवीच' हेही मला पटतं, पण दुकानाच्या गल्ल्यावर. ऑपरेशनच्या टेबलावर नाही. 1980 साली फ्लोरिडात विली रामिरेस नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाला दवाखान्यात आणलं, तेव्हा घरचे 'इंतोक्सिकादो' म्हणाले. म्हणजे काहीतरी बाधलंय. डॉक्टरांनी ऐकलं, नशा केलीय. मेंदूतला रक्तस्राव वेळेत कळला नाही आणि पोराचे हातपाय कायमचे लुळे पडले. त्यांना म्हणायचं, आधी इंग्रजी शिका?

इथे दुभाष्याचा हक्क आला तो मुळात 1964 च्या नागरी हक्क कायद्यातून. गंमत म्हणजे आपला महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियमही 1964 चाच. आपल्याने सरकारी फाइलीची भाषा ठरवली, पेशंटच्या हातातल्या कागदाची नाही. मार्च 2025 मध्ये ट्रम्प यांनी इंग्रजीला अधिकृत भाषा केलं आणि भाषा-मदतीचा 2000 सालचा आदेश रद्द केला, पण मूळ कायदा अजून उभा आहे.

म्हणून इथलं सगळंच चांगलं, असंही नाही. मी मिरजेची. तिथे कर्नाटकातून आलेल्या पेशंटशी सिस्टर, वॉर्डबॉय सहज कन्नडात बोलतात, कायदाबियदा काही लागत नाही. तो ओलावा मला इथे फोनवरच्या दुभाष्यात सापडत नाही. पण मिरजेत संमतीपत्र मात्र इंग्रजीत, 'इथे सही करा' एवढंच मराठीत. माझ्या मावशीला ऑपरेशनला 'उपाशी या' सांगितलं. नेमका गुरुवार होता. मावशीने उपास धरला आणि पोटभर साबुदाण्याची खिचडी खाऊन गेली. ऑपरेशन दोन दिवस पुढे गेलं आणि बोलणी तिनेच खाल्ली. पाण्याचा घोटही नको, खिचडीही नको, चहाही नको, हे तिच्या बोलीत सांगणारा दोन मिनिटांचा व्हिडिओ कुणीही मोबाइलवर करू शकतं. पाट्यांसाठी आपण सुप्रीम कोर्टापर्यंत भांडलो, यासाठी कधी आमदाराला साधं पत्रही लिहिलं नाही.

व्हिडिओने तरी काम होतंच असं कुठे? गेल्या आठवड्यात ग्वाटेमालाची एक बाई आमचा स्पॅनिश व्हिडिओ मान डोलावत शेवटपर्यंत बघत होती. संपल्यावर विचारलं, मला सांगा, उद्या काय प्याल? ती गप्प. तिची भाषा किचे, स्पॅनिश फक्त बाजारापुरतं. किचे बोलणारा दुभाषी फोनवर मिळायला पाऊण तास लागला. तोवर ती आणि मी हातवाऱ्यांनी तिच्या नातवाबद्दल बोलत बसलो.