दुकान बंद झालं की दारू संपते?

सध्या एक संदेश फिरतो आहे: ‘एका दिवसात देशभर दारूबंदी करा. दुकानच नसेल तर पिणार कुठून? विषारी दारूचे बळी थांबतील, गुन्हेगारी घटेल, कुटुंबं वाचतील.’ यामागची कळकळ खरी आहे. पण देशव्यापी बंदी आधी होऊन गेली आहे आणि तिथे काय घडलं ते नोंदलेलं आहे.

‘पिणार कुठून?’ फिनलंडमध्ये १९१९ ते १९३२ बंदी होती. समुद्रमार्गे चोरटं स्पिरिट येत राहिलं. लपवून न्यायचं तर थोड्या जागेत जास्त नशा मावणारा मालच परवडतो, त्यामुळे बिअर मागे पडते आणि कडक दारू पसरते. १९३१ च्या सार्वमतात सुमारे ७० टक्के मतं बंदी उठवण्याच्या बाजूने पडली.

‘विषारी दारूचे बळी थांबतील.’ हा दावा सर्वांत घातक आहे. अमेरिकेत १९२० ते १९३३ च्या बंदीत कारखान्यांसाठीचं अल्कोहोल चोरून दारूत मिसळलं जाई. ते पिता येऊ नये म्हणून सरकारने १९२७ पासून त्यातलं मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल वाढवलं. तरी ते विकलं गेलं आणि माणसं मेली. १९३० मध्ये दारूऐवजी प्यायल्या जाणाऱ्या आल्याच्या भेसळयुक्त अर्काने हजारोंचे पाय लुळे पडले. बहुतेक गरीबच, कारण चांगली चोरटी दारू श्रीमंतांना परवडत होती. मिथेनॉलचं शरीरात फॉर्मिक आम्ल होतं, दृष्टी जाते, जीवही जातो. वेळेत उपचार मिळाले तर माणूस वाचतो. पण पिणं हाच गुन्हा असेल तर तो दवाखान्यात लवकर जाईल का?

‘गुन्हेगारी घटेल.’ शिकागोचा कुख्यात टोळीप्रमुख अल कपोन मोठा झाला तो अमेरिकेतल्या याच बंदीत. १९३१ मध्ये त्याला शिक्षा झाली, तीही करचुकवेगिरीसाठी.

‘कुटुंबं वाचतील.’ अमेरिकेत बंदीच्या सुरुवातीला यकृताच्या सिरोसिसचे मृत्यू घटले होते, हे मान्यच करायला हवं. दारू कमी मिळाली की नुकसान कमी होतं. पण जास्त कर आणि विक्रीच्या मर्यादित वेळा यांनीही ती कमी होते, आणि बाटलीत काय आहे यावर नजर राहते.

आणि ‘एका दिवसात’? वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली तर झटके येतात, भ्रम होतो, काही जण दगावतात. त्यांच्यासाठी डॉक्टर, औषधं आणि व्यसनमुक्ती केंद्रात खाट लागते. त्या संदेशात याबद्दल एक ओळही नाही.