खुलासा : टाचण्यांऐवजी ‘कुठलाही’ गोंद चालत नाही

‘टाचण्या, कच्चे टाके विसरा, घरातला कुठलाही गोंद लावा आणि लगेच मशीनवर शिवा,’ असा सल्ला सध्या फिरतो आहे. त्यातलं अर्धंच खरं आहे.

कापड तात्पुरतं धरून ठेवायला पाण्यात विरघळणारा गोंद चालतो. चेन किंवा पॅच बसवताना तर तो टाचण्यांपेक्षा सोयीचा, कारण कापड सरकत नाही. पण ‘लगेच’ हा शब्द घातक आहे. ओल्या गोंदातून सुई गेली की तो सुईला चिकटतो, दोरा अडकतो, टाके सुटतात आणि आपण उगाच मशीनला दोष देतो. गोंद पातळ लावा, शक्यतो शिलाईच्या रेषेबाहेर, आणि पूर्ण वाळू द्या. घाई असेल तर इस्त्री फिरवा. सुई चिकट झालीच, तर काढून स्पिरिटच्या बोळ्याने पुसा.

‘कुठलाही’ हे तर साफ चूक. झटपट चिकटणारा सायनोअॅक्रिलेट गोंद (सुपरग्लू) सुती कापडावर पडला की इतका तापतो की हात भाजू शकतो, धूरही निघतो. शिवाय वाळल्यावर तो काचेसारखा कडक होतो. दोन कापडांमध्ये ठेवून इस्त्रीने चिकटवायच्या गोंदाच्या जाळीतही प्रकार असतात: जाड थराची, शिलाईविना वापरायची जाळी सुईला चिकटते, म्हणून शिवायचं असेल तर हलकी घ्या. गोंदाचा स्प्रे मशीनजवळ मारू नका; त्याचे कण आतल्या भागांवर बसतात.

आधी चिंधीवर शिवून बघा, मगच चांगल्या कापडाला हात लावा.