विमानाने गारा? जरा थांबा, भाऊ

गारपिटीच्या या बातमीखाली निम्मे लोक म्हणतायत, विमानातून फवारणी करून गारा पाडल्या. भाऊ, २०१५ मध्ये मराठवाड्यात कृत्रिम पावसाचा प्रयोग झाला, तेव्हा विमानालासुद्धा आधी चांगले ढगच शोधावे लागत होते. नसलेला ढग कुणी बनवत नाही.

रावेरकडे आमची केळी आहे. परवा दुपारी अंग भाजत होतं, चारला सातपुड्याकडून काळं भरून आलं अन् पत्र्यावर लिंबाएवढ्या गारा. पानांच्या चिंध्या, निसवलेले घड खोडासकट आडवे. एक गार फोडून पाहिली, आत कांद्यासारखे पापुद्रे. ढगातला वर जाणारा वारा तिला उचलून धरतो, तसतसा एकेक थर गोठत जातो. खाली तापलेली जमीन, समुद्रावरची ओल, वर थंड हवा, एवढं जमलं की झालं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्येही हेच झालं होतं.

बाकी या बातमीच्या लेखकानेही सगळं हवामान बदलावर ढकलून हात झटकलेत. एक अंश तापमान वाढलं की हवेत साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं, हे खरं. पण म्हणून हीच गारपीट त्यामुळेच, असं एवढ्यात कसं सांगता?

पंचनाम्याला अजून कोणी फिरकलेलं नाही. आज तिसरा दिवस.