मडकं सेंटरला येईना

वाढदिवसाला नवऱ्याने यंदा साडी नाही, मिक्सर नाही, थेट दोन दिवसांचं सिरॅमिक वर्कशॉप गिफ्ट दिलं. "तूच म्हणायचीस ना, काहीतरी हाताने करायचंय." मी म्हणाले होते ते हे, की या घरात सगळं मलाच हाताने करायला लागतं. पण ऐकणारा कोण, तर ज्याने गेल्या वैशाखात आईंची तुळशीवर थेंब-थेंब पाणी धरायची तांब्याची गळती 'अगं ही लीक होतेय' म्हणून बुडाला एम-सील लावून बुजवून टाकली होती, तो. आई म्हणजे माझ्या सासूबाई, त्या नंतर चार दिवस त्याच्याशी बोलत नव्हत्या, आणि ते एम-सील अजून निघालेलं नाही. असो. फी साडेचार हजार, नॉन-रिफंडेबल, त्यामुळे मला कला आपोआप आवडायला लागली.

कोथरूडमधल्या एका बंगल्याच्या मागची शेड, मार्च महिना, वर पत्रा. शिकवायला सर आले होते पाँडिचेरीहून. पाँडिचेरीच का, तर आपल्याकडच्या स्टुडिओ पॉटरीचं ते माहेरच म्हणायचं, 1971 मध्ये रे मीकर आणि डेबोरा स्मिथ या अमेरिकन जोडीने तिथे गोल्डन ब्रिज पॉटरी काढली आणि तिथून शिकून गेलेले लोक आता देशभर चाकं फिरवतायत. (हे सगळं मी आदल्या रात्री वाचून गेले होते, कारण निदान थिअरीत तरी पास व्हावं.) आमचे सर इतके शांत की त्यांचा राग कधी आला आणि कधी गेला ते कळायचंच नाही.

पहिलं काम माती मळणं. मी मनात म्हटलं, चला, इथे तरी आपण सिनिअर, बावीस वर्षं रोजची कणीक मळतेय. बाही सारून असा काही गोळा मळायला घेतला की शेजारची आयटीवाली मुलगी बघत राहिली. सर आले, दोन मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, ये आटा नहीं है." कणीक आपण घडी घालघालून मळतो, त्यात हवा शिरली तरी बिघडत नाही. मातीत मात्र हवेचा बुडबुडा राहिला की चाकावर भिंत काढताना बोट तिथेच अडखळतं आणि भिंत वाकडी जाते. त्यामुळे घडी न घालता पुढे ढकलायची, परत ओढायची, पुढे ढकलायची, आणि नीट जमलं की गोळ्याला मेंढ्याच्या तोंडासारखा आकार येतो. माझ्या गोळ्याला जो आकार आला त्या जातीचा प्राणी अजून सापडलेला नाही.

मला वाटायचं, हवा राहिली की भांडं भट्टीत फुटतं. सर म्हणाले, हवेला उगाच बदनाम करतात, खरी चोर आत राहिलेली ओल, तिची वाफ होते आणि बाहेर पडायला जागा नसली की ती भांडं घेऊनच बाहेर पडते. हे वाक्य मी घरच्या कुकरला मनातल्या मनात चिकटवून टाकलं.

मग चाक. खाली पायाशी पॅडल असतं, अॅक्सिलरेटरसारखं, आणि मी आयुष्यात फक्त स्कूटर चालवलेली, म्हणजे माझा रेस हातात. पायाने हलकेच दाबायचं असतं हे शरीराला कळेपर्यंत अर्धा किलो माती माझ्या चाकावरून उठून समोरच्या कॉलेजच्या पोराच्या चष्म्यावर. तो बिचारा सॉरी म्हणाला. हल्लीची पिढी फार सभ्य आहे हो.

आता सगळं घोडं अडतं ते सेंटरिंगला. गोळा चाकाच्या बरोब्बर मध्यावर आला पाहिजे, इतका की चाक फिरतंय पण माती स्थिर दिसतेय. नाही आला तर तो असा डुलतो की लग्नात बँडच्या पुढे एखादे काका नाचतायत. सर म्हणायचे, कोपर मांडीला टेकवा, हात हलवू नका, माती तुमच्याकडे येईल. माती येतच होती, ओढणीवर, केसांत, एकदा तर कानात. "रिलॅक्स, मॅडम." जगात आजपर्यंत 'रिलॅक्स' ऐकून कोणी रिलॅक्स झालंय का? आमच्यात एक निवृत्त काका होते, त्यांचा गोळा पहिल्या झटक्यात सेंटरला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मग कळलं की काकांनी तीस वर्षं लेथ मशीनवर काढलीयत. मला वाटतं असल्या माणसांना वेगळ्या बॅचला बसवायला पाहिजे.

चौथ्या प्रयत्नात माझा एक बाऊल उभा राहिला. उभा म्हणजे बसला नाही इतकंच. सर सांगत होते, बूड आतून नीट दाबून घ्या, नाहीतर वाळताना-भाजताना मध्यभागी 'एस'च्या आकाराची चीर पडते, तिला एस-क्रॅकच म्हणतात. मी ऐकलं. पण तेव्हा फोनवर फोटो काढायचा होता ना.

दुसऱ्या दिवशी राकू, म्हणजे भांडी भाजायची एक पद्धत. मूळचं जपानचं, क्योटोमधलं, सोळाव्या शतकातलं, चहाच्या समारंभातले बाऊल. पण भट्टीतून लालबुंद भांडं लांब चिमट्याने काढून थेट भुशाच्या डब्यात टाकायचं आणि वर झाकण, हा धुराचा तमाशा पॉल सोल्डनर या अमेरिकन माणसाने 1960च्या आसपास सुरू केला. डब्यात हवा मिळत नाही म्हणून तांब्याच्या ग्लेझला, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाला, तांब्यासारखीच झळाळी येते आणि जिथे ग्लेझ नाही तिथे माती काळीकुट्ट. सरांनी चिमट्यात धरून ते पेटतं लाल भांडं बाहेर काढलं तेव्हा आम्ही सगळे खरंच गप्प झालो. काय दिसतं ते, बापरे! आणि झाकण टाकेपर्यंत भुशाने असा पेट घेतला, असा धूर काढला, की तो सरळ शेजारच्या गच्चीवर, जिथे एका काकूंच्या कुरडया वाळत होत्या. मार्च महिना म्हटलं ना. पुढची वीस मिनिटं काकू कठड्यावरून शुद्ध पुणेरीत बोलत होत्या आणि सर खाली उभं राहून अतिशय नम्रपणे मान डोलावत होते, कारण त्यांना मराठी येत नव्हतं. त्यांना वाटलं कौतुक चाललंय.

माझा बाऊल राकूवाला नव्हता, तो वाळवून आधी एक भाजणी हजार डिग्रीच्या आसपास, मग ग्लेझ लावून दुसरी बाराशेच्या वर. महिन्याने न्यायला या म्हणाले. व्हिजिटिंग आर्टिस्टचं हे एक बरं असतं, आपली भांडी भट्टीतून निघेपर्यंत ते पुढच्या गावाला गेलेले असतात.

महिन्याने गेले तर बाऊल ओळखूच येईना. माती वाळताना आणि भाजताना मिळून दहा-बारा टक्के आकसते हे सांगितलं होतं त्यांनी, पण मी सूपसाठी केलेलं, हातात आलं ते लोणच्याचं. घरी आणून ओट्यावर ठेवलं. आई चष्मा लावून आल्या.

"संक्रांत होऊन तीन महिने झाले, आता सुगड कशाला आणलंस?"

"आई, मी केलंय."

"अगं बाई. केवढ्याला पडलं?"

मी आकडा सांगितला. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त बोटाच्या पेराने मडकं वाजवून बघितलं. तेरच्या गोरोबा काकांनी थापटण्याने संतांची डोकी वाजवून बघितली तेव्हा नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं होतं, तिथे माझी काय कथा. बद्द वाजलं. मग त्यांनी त्यात पाणी ओतलं, वर धरलं आणि खालून बघितलं. बुडाला, अगदी मध्यावर, इंग्रजी एस.

"नीट गळतंय," असं म्हणून त्या माळ्यावरची तिवई काढायला नवऱ्याला हाक मारत गेल्या.

आता वैशाख लागलाय. तुळशीवर तिवई, तिवईत माझा साडेचार हजारांचा बाऊल, आणि मिनिटाला दोनेक थेंब, सगळे सेंटरला. नवरा येता-जाता त्याच्याकडे बघत असतो, म्हणून एम-सीलचा डबा मी कपाटात कुलूप लावून ठेवलाय.